यंत्रातले दान आणि दैवाचा प्रश्न

झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केला. रबरी कळांची छोटी काळी पेटी, आत झेड८० प्रोसेसर, १६ किंवा ४८ किलोबाइट मेमरी. पडदा म्हणून घरातलाच टीव्ही जोडायचा आणि खेळ गाण्यांच्या कॅसेटसारख्याच कॅसेटवरून चढवायचा. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो ‘डीबी स्पेक्ट्रम’ म्हणून विकला. त्याच दशकात केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे दुसरे ब्रिटिश यंत्रही पोचले. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेल्या घरगुती संगणकावर अभ्यास किती झाला हा वादाचा विषय. खेळ मात्र भरपूर झाले.

या खेळांनी धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न नव्या रूपात समोर आणला. दान पडते ते कोणाच्या हुकमाने? कवड्या असोत की फासे, हातातून सुटल्यावर ते कसे पडतील हे खेळणाऱ्याला ठाऊक नसते, आणि या ठाऊक नसण्यालाच दैव, नशीब, प्रारब्ध, योग अशी नावे मिळतात. संगणकात फासा नाही, तो टाकणारा हात नाही आणि पडणे तर नाहीच. तिथे दान हिशेबाने काढावे लागते. जे हिशेबाने निघते त्याला दैव म्हणायचे का?

हिशेब कसा होतो ते आधी पाहणे बरे. स्पेक्ट्रमच्या बेसिक भाषेत यदृच्छ संख्या मागण्यासाठी आरएनडी ही आज्ञा होती. यंत्र मनात एक संख्या धरून असते. आज्ञा मिळाली की तिच्यात १ मिळवायचा, बेरजेला ७५ ने गुणायचे, गुणाकाराला ६५,५३७ ने भागून फक्त बाकी ठेवायची आणि बाकीतून १ वजा करायचा. ही झाली नवी संख्या. तिला ६५,५३६ ने भागले की शून्य आणि एक यांच्यामधला अपूर्णांक मिळतो. त्याची सहा पट करून पूर्णांक घेतला आणि १ मिळवला की फाशाचे दान तयार. यात काही लपवलेले नव्हते. यंत्राबरोबर येणाऱ्या स्टीव्हन विकर्स यांच्या पुस्तिकेत ७५ आणि ६५,५३७ या दोन्ही संख्या वाचायला मिळत.

यंत्र नुकतेच चालू केले असेल तर मनात धरलेली संख्या शून्य असते. मग पुढच्या संख्या ७४, ५,६२४, २८,६५२ अशा येतात आणि दाने पडतात ती १, १, ३, ५, २, २, २, १, ५, १, ४, ६. कोणत्याही गावात, कोणत्याही मुहूर्तावर, कोणीही कळ दाबो, क्रम हाच. सहा पडल्याशिवाय सोंगटी बसत नाही असा घरगुती नियम धरून दोघेजण सापशिडी खेळू लागले तर पहिला सहा बाराव्या दानाला, म्हणजे दुसऱ्या खेळाडूच्या वाट्याला येतो. पहिल्याने कितीही नवस बोलले तरी त्याची सोंगटी त्याआधी बसणार नाही. खेळणाऱ्या दोघांना मात्र हा सगळा नशिबाचाच खेळ वाटतो.

ही बाकी काढण्याची रीत भारतीय जुगाराला परकी नाही. वैदिक काळी फासे म्हणून बेहड्याची फळे वापरत. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात कटंगी गावाच्या आसपासच्या जंगलात आजही ही झाडे आहेत आणि बेहडा हिरड्या-आवळ्याबरोबर त्रिफळ्यात जातो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले जुगाऱ्याचे सूक्त याच फळांच्या नादी लागून घर गमावलेल्या माणसाचे आहे. अभ्यासकांनी लावलेल्या अर्थाप्रमाणे हा खेळ असा: ढिगातून मूठभर फळे उचलायची आणि चार-चारांनी मोजायची. काही उरले नाही तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर, एक उरले तर कली. युगांना पुढे हीच नावे मिळाली. म्हणजे चारने भागून बाकी पाहणाऱ्या त्या जुगाऱ्याचा आणि ६५,५३७ ने भागून बाकी पाहणाऱ्या स्पेक्ट्रमचा व्यवहार जातीने एकच. फरक इतकाच की जुगाऱ्याला मुठीत किती फळे आली ते उचलताना कळत नसे.

आणि ज्याला कळत असे त्याचे काय? महाभारताच्या वनपर्वातले नलोपाख्यान याचे उत्तर देते, आणि ती कथा घडते विदर्भाच्या वाटेवर. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराच्या बातमीने ऋतुपर्ण राजा कुंडिनपुराकडे निघालेला असतो आणि बाहुक नावाने वावरणारा नळ त्याचा रथ हाकत असतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळ झाड तोडून मोजतो तेव्हा आकडा बरोबर निघतो. मग दोघे विद्येची अदलाबदल करतात: अश्वविद्येच्या बदल्यात अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म. ते कळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो आणि त्याच झाडात शिरतो. कथाकाराने जुगाराचा निषेध करायचा सोडून गणिताची बाजू घेतली आहे. दैव म्हणजे न मोजलेली संख्या. मोजता आले की भूत उतरते.

पण मोजता येते म्हणजे ठरलेले असते, आणि ठरलेले असेल तर माणसाच्या करण्याला अर्थ काय, हा पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाच्या कारणांची जी यादी येते तिच्यात काळ, स्वभाव, नियती आणि यदृच्छा ही वेगवेगळी नावे आहेत. नियती म्हणजे आधीच बांधलेला क्रम, यदृच्छा म्हणजे कारणाशिवाय घडणे. स्पेक्ट्रमच्या खेळात या दोन एकमेकींच्या वेषात वावरतात, कारण पडद्यावर दिसते ती यदृच्छा आणि आत चालते ती नियती. ६५,५३६ संख्या एकेकदा येऊन गेल्या की रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

नियतीवादाचा सर्वांत कडक पुरस्कर्ता आजीवक संप्रदायाचा मक्खली गोसाल. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात त्याचे मत सांगितले आहे: प्रयत्न नाही, पराक्रम नाही; मूर्ख आणि पंडित दोघेही ८४ लाख महाकल्प फिरून सारख्याच रीतीने दुःखाच्या शेवटाला पोचतात, जसा फेकलेला सुताचा गुंडा दोरा संपेपर्यंत उलगडत जातो. स्पेक्ट्रमच्या संख्यांच्या रांगेला याहून नेमकी उपमा सापडणे कठीण.

जैन आगमांपैकी उवासगदसाओ या ग्रंथात आजीवकांच्या मताला दिलेले उत्तर मोठे मासलेवाईक आहे. सद्दालपुत्त हा कुंभार गोसालाचा अनुयायी. त्याची मडकी वाळत घातलेली असताना महावीर विचारतात, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नाशिवाय? कुंभार आपल्या मताला धरून सांगतो, प्रयत्नाशिवाय, सगळे नियतच आहे. मग कोणी ती फोडली, चोरली, तुझ्या बायकोवर हात टाकला तर काय करशील? कुंभार म्हणतो, बडवीन, जीव घेईन. महावीर दाखवून देतात की तुझ्या मताप्रमाणे मग कोणी काही फोडलेच नाही, कोणी चोरलेच नाही. कुंभार निरुत्तर होतो. नियती खोटी आहे हे या संवादाने सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की नियती मानणाराही जाब विचारणे सोडत नाही, आणि जो जाब विचारतो त्याने कर्ता मान्य केलेला असतो.

नेमके हेच भान कटंगीच्या परिसराला खाणींमुळे आहे. जवळच्या तिरोडीला मँगनीजच्या खाणी आहेत आणि बालाघाटजवळच्या भरवेलीला जमिनीखालची मोठी खाण. भूमिगत खाणीत छत बसते तेव्हा त्याला कारण असतेच: खडकातली चीर, झिरपलेले पाणी, कमी पडलेला आधार. खाली उभ्या असलेल्या मजुराला ते दैव वाटू शकते. चौकशी करणाऱ्याला तसे वाटून चालत नाही. कारण न दिसणे म्हणजे कारण नसणे नव्हे, आणि कारण सापडले म्हणून जबाबदारी संपते असेही नाही. उलट तिथूनच ती सुरू होते.

स्पेक्ट्रमकडे परत यायचे तर, दर वेळी तीच दाने पडू नयेत म्हणून त्याच्यात एक सोय होती. रँडमाइझ ही आज्ञा दिली की यंत्र मनातली संख्या टाकून देऊन आपल्या अंतर्गत घड्याळाचा आकडा उचलते. हे घड्याळ यंत्र चालू झाल्यापासून सेकंदाला ५० टिपणे करते आणि सुमारे २२ मिनिटांत ६५,५३६ चा फेरा पुरा करते. खेळणाऱ्याने ‘सुरू’ची कळ कोणत्या पन्नासाव्या हिश्श्याला दाबली यावर पुढचा सगळा डाव ठरतो. जन्मवेळेवरून कुंडली मांडणाऱ्याला ही रचना फार आवडेल. मात्र इथे वेळ आणि फळ यांच्यातला दुवा उघड गुणाकाराचा आहे. ग्रहांच्या बाबतीत तो दुवा दाखवण्याचे ओझे अजून दाखवणाऱ्यावरच आहे.

सुरुवातीचा आकडा कुठून आला हा प्रश्न वेदान्तालाही चुकला नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात ३३ ते ३५ ही सूत्रे या दृष्टीने एकत्र वाचण्यासारखी आहेत. आधी सांगितले आहे की सृष्टी ही ईश्वराची निव्वळ लीला. लगेच शंका येते: लीलेत एकाला सुख आणि दुसऱ्याला दुःख, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर असे की तो जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून फळ देतो. शंकराचार्य इथे पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस सगळ्या पिकांचे सामान्य कारण, पण भात आणि जव यांतला भेद आपापल्या बीजामुळे. बालाघाटच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. चिन्नोर भाताच्या बांधीवर आणि टेकडीवरच्या कोदोवर एकच मृग बरसतो.

यावर सूत्रकारच पुढची, अधिक अवघड शंका घेतो. सृष्टीच्या आरंभी तर कर्मच नव्हते, मग पहिला भेद कशाने झाला? उत्तर: संसार अनादि आहे, पहिला क्षण असा नाहीच. हे उत्तर टाळाटाळीचे आहे असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण स्पेक्ट्रमचे उदाहरण ठेवून पाहिले तर त्याची गरज पटते. यंत्राला आरंभ आहे, त्याच्या बटणाला पहिला क्षण आहे, आणि म्हणून पहिली संख्या शून्य धरायची हे कोणीतरी ठरवावे लागले. पहिल्या दानाला १ पडतो तो खेळणाऱ्याच्या पूर्वकर्माने नव्हे, रचनाकाराच्या मर्जीने. ज्या व्यवस्थेला आरंभ आहे तिथे पहिल्या विषमतेचा दोष रचणाऱ्याकडे जातोच. वेदान्ताला ईश्वर निर्दोष ठेवायचा होता आणि त्यासाठी आरंभच सोडून द्यावा लागला. किंमत मोठी आहे, पण हिशेब चोख आहे.

आता खेळाडूकडे वळता येते. इथे दोन खेळ शेजारी ठेवले की प्रश्न स्वच्छ होतो. पहिला मोक्षपट. हा खेळ ज्ञानदेवांनी काढला अशी महाराष्ट्रात परंपरा आहे. अभ्यासकांच्या हाती आलेले पट बहुतेक अठराव्या शतकातले आणि नंतरचे आहेत. वैष्णव पटांत ७२ घरे, जैनांच्या ज्ञानबाजीत ८४, सूफी पटांत १०० च्या आसपास, असे त्याचे भेद सापडतात. दया, भक्ती, सत्संग अशा घरांपासून शिड्या वर जातात. मद, मत्सर, हिंसा यांच्या घरी साप तोंड उघडून बसलेले असतात. वर वैकुंठ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडला गेला आणि तिथून घरांची नावे पुसली जाऊन सापशिडी म्हणून परत आला.

मोक्षपटात खेळाडू काहीच करत नाही, ही त्याच्याबद्दल क्वचितच बोलली जाणारी गोष्ट आहे. दयेच्या घरात सोंगटी गेली ती कोणावर दया केली म्हणून नव्हे, चार पडले म्हणून. हिंसेच्या घरातून खाली घसरणाऱ्याने मुंगीही मारलेली नसते. नीती शिकवणाऱ्या खेळात नैतिक निवडीला एकही जागा नाही. मग तो शिकवतो काय? एक उत्तर असे की तो आचार शिकवत नाही, नकाशा शिकवतो: कोणत्या गुणापासून कोणत्या पदाला वाट जाते आणि कोणता दोष कुठवर खाली नेतो. जैन कुटुंबांत पर्युषणाच्या दिवसांत हा पट मांडला जाई, त्या वेळी घराघराचे नाव मोठ्याने वाचले की पाठ आपोआप होई. दुसरे उत्तर अधिक पटण्यासारखे आहे. पट हे प्रारब्धाचे चित्र आहे. सोंगटीचे भोग दानाने चालतात. हातात उरते ते साप गिळत असताना शेजाऱ्याशी कसे वागायचे, हरताना पट उधळायचा की नाही, एवढेच. खेळाची नीती पटावर नसते, पटाभोवती बसलेल्यांत असते.

दुसरा खेळ मॅनिक मायनर. मॅथ्यू स्मिथ या सतरा वर्षांच्या इंग्रज मुलाने तो १९८३ साली स्पेक्ट्रमसाठी लिहिला. विली नावाचा खाणकामगार, एकाखाली एक नव्हे तर एकापुढे एक अशा २० गुहा, प्रत्येक गुहेत गोळा करायच्या वस्तू, पायाखाली झिजत जाणारी जमीन, संपत जाणारी हवा आणि ठरलेल्या वाटेने येरझाऱ्या घालणारे शत्रू. या खेळात दान नाहीच. शत्रू कुठून निघेल, कुठे वळेल, जमीन किती पावलांनी खचेल, सगळे दर वेळी तंतोतंत तेच. गोसालाला अभिप्रेत असलेले जग यात पूर्णपणे उतरले आहे. आणि तरीही खेळ अतिशय कठीण आहे. सारे यश-अपयश खेळणाऱ्याच्या बोटांवर आहे. उडी क्षणभर उशिरा घेतली की विली मेला, त्यात दोष द्यायला नशीब उरत नाही.

म्हणजे जिथे सगळे दानावर आहे तिथे पुरुषार्थ शून्य, आणि जिथे सगळे आधीच ठरलेले आहे तिथे पुरुषार्थाला पूर्ण वाव. नियती पुरुषार्थाची वैरी आहे हा सर्वसाधारण समज या दोन खेळांपुढे टिकत नाही. पुरुषार्थाचे खरे वाकडे आहे ते यदृच्छेशी. शत्रू कुठे वळेल याचा नियमच नसता तर उडी कधी मारायची हे शिकताच आले नसते. नियमबद्ध जगातच प्रयत्न फळाला येतो, कर्मसिद्धान्ताचा मूळ आग्रहही हाच. त्याचे पुढे ‘नशिबात असेल ते होईल’ असे रूप झाले ते सिद्धान्ताचे विडंबन आहे.

योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणात हीच भूमिका जोरात मांडली आहे. तिथे दैव असे वेगळे काही नाही. कालचा पुरुषार्थ म्हणजे आजचे दैव, आणि कालचा व आजचा पुरुषार्थ दोन एडक्यांसारखे झुंजतात, ज्याचे बळ जास्त तो जिंकतो. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या प्रकरणात हा प्रश्न अधिक काटेकोरपणे घेतला. कर्माची साखळी प्रकृतीच्या कक्षेत अभंग आहे, हे ते मान्य करतात. त्या साखळीत बुद्धी आणि मनही येतात. पण आत्मा त्या कक्षेबाहेरचा असल्यामुळे मोक्षाकडे नेणारी त्याची प्रेरणा स्वतंत्र आहे, असा त्यांचा निष्कर्ष. या युक्तिवादाचे सोपे रूप खेळात दिसते. विली प्रोग्रामच्या आत आहे, कळ दाबणारा बाहेर. प्रोग्रामचा एकही नियम न मोडता बाहेरचा आतल्याची गती बदलतो. अर्थात अद्वैती लगेच विचारील की दाबणाऱ्याचे बोट तरी कोणत्या प्रोग्रामच्या आत आहे, आणि चार्वाक म्हणेल की बोटापलीकडे कोणी नाहीच. हा वाद यंत्राने सुटत नाही. तो कुठे अडतो ते मात्र नेमके दिसते.

एक साम्य सगळ्यांना चटकन सुचते ते म्हणजे जीवांचे. मॅनिक मायनरमध्ये विलीला तीन जीव असतात, आणि तो मेला की त्याच गुहेच्या सुरुवातीला पुन्हा उभा राहतो. हुशार मुले पोक या आज्ञेने मेमरीतला एक आकडा बदलून अमर्याद जीव मिळवत. पण पुनर्जन्माशी हे साम्य फार दूर जात नाही, कारण खेळणाऱ्याला मागचे मरण आठवते आणि शास्त्राप्रमाणे जीवाला ते आठवत नाही. जवळचे साम्य दुसरीकडे आहे. शंभर वेळा खेळलेल्या मुलाला कोणत्या पावलाला उडी मारायची ते सांगता येत नाही, तरी बोट बरोबर वेळी कळ दाबते. योगशास्त्र याला संस्कार म्हणते: अनुभव विसरला जातो, त्याने पाडलेली घडी उरते. पतंजलीच्या योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात तर या संस्कारांचाच साक्षात्कार झाला की पूर्वजन्म कळतात असे सांगितले आहे. अमर्याद जीव मिळवणाऱ्याला नेमके हेच मिळत नाही, कारण चुकीची किंमत गेली की घडी पडण्याचे कारणही जाते.

आणि विसावी गुहा पार केल्यावर? विली क्षणभर जमिनीवर, उघड्या हवेत दिसतो, आणि खेळ पुन्हा पहिल्या गुहेपासून सुरू होतो. मोक्षपटाला वैकुंठाचे घर आहे आणि तिथे डाव संपतो. मॅनिक मायनरच्या रचनेत तशी जागाच ठेवलेली नाही. कौशल्य कितीही वाढले तरी त्याने फेरा तुटत नाही, हे वेदान्ताचे म्हणणे त्या खेळाला पुरेपूर लागू पडते. कर्म कितीही चांगले झाले तरी त्याचे फळ दुसरे कर्मच असते; सुटका होते ती ज्ञानाने. खेळाच्या बाबतीत ते ज्ञान म्हणजे हा खेळ आहे एवढे कळणे, आणि ते पहिल्या गुहेतही होऊ शकते.